फौजी घराच्या नजरेतून केंद्रीय विद्यालय: एका आईचा अनुभव

केंद्रीय विद्यालयाबद्दल मराठीत शोधायला गेलं की प्रवेशाच्या तारखा, फीचे तक्ते आणि बोर्डाचे निकाल सापडतात. आमच्यासारख्या घरांना विचारायचं असतं ते भलतंच. ऑक्टोबरात बदलीची ऑर्डर आली, सामान बांधायचंय, पोरगं सहावीत आहे, तर नव्या गावात त्याला वर्गात बसायला कधी मिळणार? वर्ष वाया जाणार का? नवऱ्याला फील्ड, म्हणजे घरच्यांना सोबत नेता येत नाही अशी पोस्टिंग, लागलं आणि मुलांना घेऊन एकटीनं राहायची वेळ आली, तर शाळा समजून घेईल का? हे सगळं आम्ही एकमेकींना क्वार्टरच्या जिन्यात विचारतो, लिहून मात्र कुणी ठेवत नाही. म्हणून हे लिहितेय.

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीत नायब सुभेदार. माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. मोठी आता अकरावीत आहे, धाकटा सातवीत. बेळगाव, पठाणकोट, जोधपूर आणि आता पुणे, अशी मुलांची शाळा झाली. मध्ये एका पोस्टिंगला केव्हीत, म्हणजे केंद्रीय विद्यालयात, जागा मिळाली नाही म्हणून एका खासगी शाळेतही दिवस काढले. त्यामुळे दोन्हीकडचं बघून बोलतेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण गावाकडे प्रत्येक जण हेच विचारतो. "फौजीची पोरं म्हणजे सैनिक शाळेत असतील ना?" नाही. सैनिक शाळा वेगळी. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली, देशातली ती पहिली. तिथे सहावी किंवा नववीला परीक्षा देऊन जायचं, वसतिगृहात राहायचं, आणि मुलांना एनडीएसाठी, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीसाठी, तयार करायचं हा तिचा मूळ हेतू. फौजींच्या मुलांना तिथे काही जागा राखीव असतात, पण शेतकऱ्याचं, मास्तराचं पोरही तिथे तितक्याच हक्कानं जातं. ती शाळा आमच्या बदल्यांवरचा उपाय नाही. बदल्यांवरचा उपाय म्हणून जी शाळा निघाली ती केंद्रीय विद्यालय. १९६२ मध्ये सरकारनं योजना मंजूर केली आणि १९६३-६४ ला पलटणींच्या मुक्कामाच्या गावांत चालणाऱ्या वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन सुरुवात झाली. म्हणजे ही शाळा मुळात फौजेच्या अंगणातच जन्मली. आज साडेबाराशेहून जास्त केव्ही आहेत, त्यातल्या तीन तर काठमांडू, मॉस्को आणि तेहरानला.

आता मुख्य मुद्दा. मला विचाराल तर फौजी मुलासाठी शाळा चांगली की वाईट हे एकाच गोष्टीवरून ठरतं: मध्येच आलेलं मूल ती कसं आत घेते. २६ जानेवारीला भाषणं, १५ ऑगस्टला जवानांच्या बायकांना बोलावून नारळ आणि शाल, हे सगळं छान वाटतं, मनापासून करतात तेव्हा डोळ्यांत पाणीही येतं. पण माझ्या मुलीला शाळेची गरज नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी असते, जेव्हा वर्गात कुणी तिला ओळखत नाही आणि बाकावर जागा कुठली तेही ठाऊक नसतं.

या परीक्षेत केव्ही चांगल्या मार्कांनी पास होते. एका केव्हीतून टीसी घेऊन दुसऱ्या गावाच्या केव्हीत गेलं की, वडिलांच्या बदलीचा कागद असेल तर, मुलाला पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही. वर्ग अगदीच तुडुंब भरलेला असेल तर वरून परवानगी आणावी लागते, ती गोष्ट वेगळी. पण टेस्ट नाही, मुलाखत नाही, डोनेशनचा तर प्रश्नच नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नवरा फील्डला किंवा नॉन-फॅमिली ठिकाणी गेला आणि आपण मुलांना घेऊन दुसऱ्याच गावी राहायचं ठरवलं, तरी त्या गावच्या केव्हीत केव्हीची टीसी चालते. हा नियम अनेक बायकांना माहीतच नसतो. नवऱ्याची बदली एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला, मग बदलीचा कागद दाखवायचा कुठला, असं म्हणून कित्येक जणी मुलांना गावी नेऊन मिळेल त्या शाळेत घालतात. तसं करू नका. युनिटमध्ये विचारा, शाळेत जाऊन प्राचार्यांना विचारा.

बेळगावहून पठाणकोटला गेलो तेव्हा मोठी चौथीत होती. सामानाच्या काळ्या ट्रंका अजून यायच्या होत्या, क्वार्टरमध्ये युनिटकडून आणलेल्या दोन खाटा आणि एक स्टोव्ह एवढंच होतं. पण हिचा गणवेश हातातल्या बॅगेत होता आणि तोच तिथे चालणार होता. केव्हीचा गणवेश देशभर एकच आहे. २०१२ पासून तो चौकटीचा शर्ट आला, तोच बेळगावला, तोच पठाणकोटला. ज्यांनी दर बदलीला दोन मुलांचे दोन-दोन जोड, पीटीचे वेगळे बूट आणि शाळेच्या नावाचा बिल्ला लावलेला टाय विकत घेतलाय त्यांनाच यातली सोय कळेल. पैशांची बाजू सोडा. नव्या शाळेत पहिल्या दिवशी जुन्या शाळेच्या कपड्यांत जाणारं मूल लांबून ओळखू येतं, आणि ते त्यालाही कळतं. ही गेली ती बाकीच्यांसारखीच होऊन गेली.

मी फाटकाबाहेर थांबले होते. प्रार्थनेची घंटा झाली. मैदानावर रांगा लागल्या, हिला तिच्या वर्गाच्या रांगेत मागे उभं केलं. भाषा कानावर पंजाबी पडत होती, माणसं अनोळखी होती, थंडी तर तिनं जन्मात पाहिली नव्हती अशी. आणि प्रार्थना सुरू झाली. तीच प्रार्थना, तीच चाल, त्यानंतर प्रतिज्ञा, मग सुविचार, मग बातम्या, सगळं त्याच क्रमानं. मला लांबून हिचे ओठ हलताना दिसत होते. तिला सगळं पाठ होतं. दुपारी घरी आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "मम्मी, इथं पण शिवाजी हाऊस आहे, मला त्यातच घातलंय." केव्हीत शिवाजी, टागोर, अशोक आणि रमण अशी चार हाऊस असतात. बेळगावला ती टागोरमध्ये होती. पंजाबात जाऊन शिवाजी हाऊस मिळालं याचा तिला इतका आनंद झाला होता की बाकी सगळं नवं असल्याचं ती विसरूनच गेली.

अभ्यासाचंही तसंच. एनसीईआरटीची पुस्तकं सगळीकडे तीच, हे तर सीबीएसईच्या बऱ्याच शाळांत असतं. केव्हीत त्याच्याही पुढे जाऊन कुठल्या महिन्यात कुठला धडा घ्यायचा याचं वाटप करून दिलेलं असतं. त्यामुळे एका गावी अपूर्णांक चालू असताना मूल उठलं तर दुसऱ्या गावी साधारण तिथेच जाऊन बसतं. अगदी तंतोतंत जुळत नाही. डोंगराकडच्या आणि थंडीच्या गावांत सुट्ट्या वेगळ्या असतात, एखादे सर जरा पुढे असतात, एखाद्या मॅडम मागे. पण महिनाभराचं अंतर भरून काढणं आणि अख्खी पुस्तकंच बदलणं यात फरक आहे. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये सुरू होतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्ये. माझ्या जावेनं मुलाला ऑगस्टमध्ये गावच्या शाळेतून काढून दिराच्या पोस्टिंगच्या ठिकाणी नेलं, तेव्हा तिकडे तिमाहीचे पेपर तोंडावर आले होते आणि हा इकडे दुसऱ्या धड्यावर होता.

खासगी शाळेचा अनुभव लिहिते. शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. शाळा वाईट नव्हती, शिक्षक तळमळीनं शिकवायचे, इमारत तर केव्हीपेक्षा कितीतरी देखणी. पण फौजी घर म्हणजे काय असतं याची त्यांना कल्पना नव्हती, आणि करून घ्यावी असंही वाटलं नव्हतं. धाकटा तेव्हा दुसरीत. एक प्रोजेक्ट दिलं होतं, "माझे बाबा काय काम करतात". बाबांच्या कामाच्या जागी त्यांच्यासोबत काढलेला फोटो चिकटवायचा आणि ती जागा नकाशावर दाखवायची. हे तेव्हा फील्डला. युनिट कुठे आहे, कुठल्या रस्त्यानं गेलं, फोन कुठून आला, यातलं काही बाहेर बोलायचं नाही हे आमच्या घरात मुलांना अगदी लहानपणापासून शिकवलेलं असतं. जेवताना हात धुवायला शिकवतात तसंच ते शिकवलेलं. तर हा उभा राहिला आणि म्हणाला, "माझे पप्पा कुठे आहेत ते मी सांगणार नाही." बाईंना वाटलं पोरगं उद्धटपणा करतंय. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारताना आवाज चढला, आणि मागून कुणीतरी म्हणालं, याला वडीलच नसतील. वर्ग हसला.

घरी येऊन तो काही बोलला नाही. रात्री मला विचारलं, "पप्पा आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला दिसत होतं. त्यांनी कधी असं मूल पाहिलंच नव्हतं आणि शाळेनं त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. प्रवेशाच्या वेळी मी फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय "भारतीय सेना" असा लिहिला होता, पण तो फॉर्म ऑफिसच्या कपाटात. वर्गशिक्षिकेपर्यंत तो पोचलाच नव्हता. एवढंच अंतर होतं, ऑफिसपासून वर्गापर्यंतचं, आणि त्यात माझं पोरगं सापडलं. मी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण शिक्षक वाचत असतील तर त्यांना कळावं: फौजीचं मूल वडिलांबद्दल काही सांगत नसेल तर ते खोटं बोलत नसतं, ते शिकवलेलं पाळत असतं. त्याला "पप्पा आता फोन कधी करणार?" असं विचारा, "पप्पांसारखं तुलाही भारी पळता येतं का?" असं विचारा, ते खुलून बोलेल. जागा विचारू नका.

केव्हीत हे सांगावं लागत नाही, कारण कॅन्टोन्मेंटच्या केव्हीत वर्गातली निम्मी मुलं तशीच असतात आणि शिक्षकही केंद्र सरकारच्या संस्थेचे, त्यांच्याही बदल्या होतात. जोधपूरला धाकट्याच्या मॅडमनं नव्या मुलाला कधी एकटं बसवलं नाही. आधीच्या वर्षी जो मध्येच आला होता त्याला या वर्षी मध्येच आलेल्याच्या शेजारी बसवायच्या. बाथरूम कुठे, पाणी कुठलं थंड, कोणते सर वही तपासतात, हे सगळं त्यानं याला सांगायचं. मोठ्या माणसानं सांगून हे होत नाही. आणि ज्याला ते काम मिळतं तो जुना मुलगाही ताठ मानेनं फिरतो. या गोष्टीला एक रुपया खर्च नाही आणि कुठलीही शाळा उद्यापासून करू शकते.

पुण्यातला एक प्रसंग मात्र मी कधी विसरणार नाही. २०२५ च्या २२ एप्रिलला पहलगामला हल्ला झाला, ७ मे ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. आमचे हे तेव्हा फील्डला. सुट्ट्यांचे दिवस होते, पण वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालूच होता आणि त्यावर व्हिडिओंचा पाऊस पडायला लागला. कुठलेही, कधीचेही. स्फोट, आगी, आकडे. आमच्या घरात टीव्ही बंद ठेवला होता मी, पण धाकटा गृहपाठ बघायला माझा मोबाइल घ्यायचा. दुसऱ्याच दिवशी वर्गशिक्षिकेचा ग्रुपवर मेसेज आला. शब्द मला जवळपास पाठ आहेत. या ग्रुपवर बातम्या आणि व्हिडिओ टाकू नयेत, आपल्या वर्गातल्या काही मुलांचे वडील सध्या ड्युटीवर आहेत आणि हा मोबाइल मुलं बघतात. त्यानंतर एकही व्हिडिओ आला नाही. संध्याकाळी त्यांचा मला वेगळा फोन. "ताई, मी आहे. रात्री-बेरात्री कधीही फोन करा. अभ्यासाचं नंतर बघू." १० मे ला गोळीबार थांबला, ह्यांचा फोन त्याच्यानंतर आला. मधले ते दिवस मी या एका बाईंच्या आधारावर काढले असं म्हटलं तरी चालेल.

आणि इथेच माझी या सगळ्या व्यवस्थेबद्दलची खरी तक्रार येते. त्या बाईंनी जे केलं ते त्यांच्या मनानं केलं. व्यवस्थेत ते कुठे लिहिलेलं नाही. प्रवेशाच्या अर्जात गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या याचा हिशोब मागतात, त्यावर प्राधान्य ठरतं, त्याचं सर्व्हिस सर्टिफिकेट युनिटकडून सही-शिक्क्यानं आणावं लागतं. पण वडील या घडीला घरी आहेत की नाहीत हे कुणी विचारत नाही. जी शाळा फौजींसाठी निघाली तिनं तरी हजेरीपटात एक बारीक खूण ठेवायला हवी. जागा नको, युनिट नको, फक्त एवढंच, की या मुलाचे वडील सध्या बाहेर आहेत. मग पालकसभेला "दोघांनीही यावं" असा आग्रह होणार नाही, मूल अचानक गप्प झालं किंवा मारामारी करायला लागलं तर कारण शोधायला वेळ लागणार नाही, आणि वडील परत येतात त्या आठवड्यातही शाळा जरा सांभाळून घेईल. वडील परत येणं हा फक्त आनंदाचा सोहळा असतो असं लोकांना वाटतं. घरात सगळं नव्यानं मांडावं लागतं. आई ज्या गोष्टीला हो म्हणायची त्याला वडील नाही म्हणतात, मुलाची झोप बिघडते. हे शिक्षकांना माहीत असलेलं बरं.

रजेचा प्रश्नही असाच. फौजीला रजा मिळते तेव्हा मिळते, ती दिवाळी आणि मे महिना बघून मिळत नाही. सप्टेंबरात वीस दिवस पप्पा घरी आले आणि त्यात युनिट टेस्ट असली तर मुलानं काय करायचं? आमच्या अनुभवात प्राचार्य ऐकून घेतात, अर्ज दिला की सहसा अडवत नाहीत. पण ते "ऐकून घेणं" आहे, हक्क नाही. अमेरिकेत राज्याराज्यांनी मिळून २००८ पासून एक करार केलाय, आता तो सगळ्या पन्नास राज्यांत लागू आहे. त्यात फौजी मुलाला कागद पूर्ण यायच्या आधी वर्गात बसवून घ्यायचं, पूर्वीच्या शाळेत ज्या पातळीचा विषय होता त्यातच आधी बसवायचं, आणि आई-वडील मोहिमेवर निघताना किंवा परतल्यावर मुलाला जास्तीची रजा द्यायची मुभा शाळेला, असं लिहून ठेवलंय. ब्रिटनमध्ये इंग्लंडातल्या शाळांना २०११ पासून प्रत्येक फौजी मुलामागे सरकार थोडे पैसे देतं, ते पालकांना नाही, शाळेला, आणि ते मुलाच्या मनाची काळजी घेण्यासाठी वापरायचे असतात. आपल्याकडे प्रवेशाचं दार उघडं ठेवण्यात आपण कुणाच्या मागे नाही, साठ वर्षं झाली ते दार उघडून. दारातून आत आल्यावर पुढे काय, हे लिहून ठेवायचं बाकी आहे.

मराठीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. केव्हीत माध्यम हिंदी-इंग्रजी, सहावीपासून संस्कृत. प्रादेशिक भाषा शिकवायची सोय पुरेशी मुलं जमली तर होऊ शकते, पण पठाणकोटला मराठी मुलं कुठून जमणार? माझी मोठी मराठी बोलते झकास, वाचते अडखळत. आजीला पत्र लिहायचं तर देवनागरी येते म्हणून जमतं, पण जोडाक्षरं हिंदीसारखी, ऱ्हस्व-दीर्घ देवाच्या भरवशावर. हे आमच्यासारख्या घरांना पुढे जड जातं, कारण फौजी तरुणपणीच रिटायर होतो. शिपाई किंवा हवालदार चाळिशीच्या आसपास घरी येतो, तेव्हा मुलं सातवी-आठवीत असतात. गावाजवळ केव्ही नसली की मूल थेट राज्य मंडळाच्या शाळेत, तेही नववीच्या तोंडावर, आणि तिथे मराठी सक्तीची. माझ्या ओळखीतला एक मुलगा विज्ञान-गणितात वर्गात पहिला आणि मराठीच्या पेपरला रडत घरी येणारा. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात दर वर्षी अशी मुलं येतात, घराघरांत फौजी असलेली गावं आहेत इकडे. या भागातल्या माध्यमिक शाळांनी जून-जुलैत रोज अर्धा तास अशा मुलांसाठी वेगळं मराठी घेतलं तर किती सोपं होईल. मास्तर आहेत, वर्ग आहेत, मुलं कोण आहेत हे प्रवेशाच्या दाखल्यावर दिसतं. तोवर आपण घरी रोज मराठी पेपरातला एक उतारा मोठ्यानं वाचून घ्यायचा, मी तेच करतेय.

आर्मी पब्लिक स्कूलबद्दल बऱ्याच जणी विचारतात. त्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीच्या, सोसायटी १९८३ ची. मोठ्या छावण्यांत असतात, बोर्ड सीबीएसईच, शिक्षिकांमध्ये फौजींच्या बायका भरपूर, त्यामुळे समजून घेण्यात त्या कुठेही कमी नाहीत. फी केव्हीपेक्षा बरीच जास्त, हुद्द्याप्रमाणे वेगळी. इंग्रजी बोलणं तिथे लवकर सुधारतं असं मैत्रिणी सांगतात, माझी मुलं तिथे नव्हती म्हणून जास्त लिहीत नाही.

केव्हीची फी म्हणजे महिना पाचशे रुपये विद्यालय विकास निधी, तिसरीपासून संगणकाचे शंभर, आणि ट्यूशन फी नववीपासून पुढे, तीही मुलांनाच, मुलींना माफ. तीन महिन्यांची एकदम भरायची. ह्यांच्या पगारात मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळतो, जानेवारी २०२४ पासून मुलामागे महिना २,८१२ रुपये ५० पैसे, दोन मुलांपर्यंत. केव्हीचा खर्च त्यात बसून वर वह्या-दप्तर निघतं. हा भत्ता वर्ष संपल्यावर एकदम क्लेम करायचा असतो आणि त्याला मुख्याध्यापकांचं सर्टिफिकेट लागतं. वर्षात शाळा बदलली असेल तर दोन्ही शाळांचं घेऊन ठेवा. मार्चमध्ये जुन्या शाळेला फोन करत बसलं की कुणी उचलत नाही.

केव्हीत काय कमी आहे तेही सांगते. जागा ही सगळ्यात मोठी अडचण. आधीपासून केव्हीत असलेल्याचं सोपं, पण मधूनच पहिल्यांदा येणाऱ्याला वरच्या वर्गात जागा रिकामी असेल तरच. म्हणून जमेल तर पहिलीतच घाला, एकदा आत गेलं की पुढचा प्रवास केव्हीच्या टीसीवर होतो. वर्गात मुलं भरपूर असतात, कंत्राटी शिक्षक असले तर वर्ष मध्यावर बदलतात, आणि एसएफ क्वार्टर, म्हणजे नवरा फील्डला असताना घरच्यांना मिळणारं क्वार्टर, शाळेपासून लांब असलं तर बसचा प्रश्न युनिटच्या मर्जीवर. दहावी-बारावीत मध्येच शाळा बदलायला सीबीएसईची परवानगी लागते, वडिलांची बदली हे कारण त्यात चालतं, पण कागद वेळेवर द्यावे लागतात. तेव्हा मोठीच्या दहावीला आम्ही ठरवून हललो नाही. हे एकटे गेले.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. पाचवा त्या हजेरीपटातल्या खुणेसाठी राखून ठेवलाय.

ज्यांची ऑर्डर आलीय त्यांच्यासाठी शेवटचं. मूव्हमेंट ऑर्डरची प्रत हातात पडल्याबरोबर टीसीचा अर्ज टाका. ग्रंथालयाचं पुस्तक परत केल्याची नोंद आणि फीची शेवटची पावती नसली तर टीसी अडते. टीसीवर मुलाचा पेन नंबर आणि अपार आयडी (विद्यार्थ्याला मिळालेले कायमचे सरकारी ओळख क्रमांक) बरोबर आहे का ते तिथल्या तिथे बघा, आणि जुन्या शाळेला युडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाचं नाव सोडायला सांगा, नाहीतर नवी शाळा त्याला वर्गात बसवते पण कॉम्प्युटरवर घेता येत नाही. हे सगळे कागद आणि गणवेशाचा एक जोड हातातल्या बॅगेत ठेवा, ट्रंकेत नको. ट्रंका आठ-दहा दिवस उशिरा येतात.